वाटणीतले डोळे

३ मार्च

तुमचं पत्र मिळालं.

दोनदा वाचलं. अक्षर एवढं मोठं केलंय की चार ओळींना अख्खं पान गेलंय. पूर्वी तुमचं अक्षर मुंगीएवढं असायचं आणि मास्तर त्यावरून छडी मारायचे. उजवा डोळा गेला, डावा थेंबांवर टिकून आहे, डेपोने बस काढून घेतली, आणि डॉक्टर म्हणतात हे बाबांचंच दुखणं, काचबिंदू. वाचून वाईट वाटलं. हे मनापासून लिहितोय. तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेल्या माणसाला घरी बसवणं म्हणजे काय, ते मी समजू शकतो.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही जे लिहिलंय, "तू डोळे तपासून घे, बाकी काही मागत नाही", ते वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नऊ वर्षांत एक शब्द नाही, आणि पत्र आलं ते हुकूम घेऊन. हे तुम्हालाच शोभतं. आणि हे तुम्ही-बिम्ही मला फार वेळ जमत नाही. माझ्याआधी अकरा मिनिटं बाहेर पडलास म्हणून तुला अहो-जाहो करायला मी काही तुझ्या डेपोतला कारकून नाही. तुला 'दादा' म्हणावं म्हणून आईने लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घातले, तेव्हाही मी म्हटलं नाही. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी काय म्हणणार?

तर डोळे. माझे डोळे तपासायची गरज नाही, आणि का नाही ते तुला माहीत असायला हवं. आपण जुळे असलो तरी वेगवेगळे जुळे आहोत. आपण जन्मलो तेव्हा दोन वारा पडल्या. पोटात बाळाला पोसते ती वार, तुझी तुला आणि माझी मला. सुईणीने दोन्ही आईला दाखवल्या आणि म्हणाली, "बाई, ही दोन वेगळी पोरं आहेत, एका दिवशी आली एवढंच." त्यात तू पाव किलोच्या वर जास्त भरलास आणि मी चिमटीत मावेल एवढा, म्हणून पुढे तूच माझं नाव चिमट्या ठेवलंस. झालं, त्या दिवसापासून आईने आपली वाटणी करून टाकली. बाबांचा देह, बाबांचा आवाज, बाबांचं घोरणं आणि बाबांचे डोळे थोरल्याला. आईचे दात, आईची काटकुळी अंगलट, आईचं डावखुरेपण धाकट्याला. कोणी पाहुणे आले की ती ही यादी म्हणून दाखवायची. बाबांची नजर मंद व्हायला लागली तेव्हा ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "याला जपायला हवं." माझ्याकडे तिने बघितलंही नाही, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा बाबांचे डोळे तुझ्या वाटणीला आलेत, त्यात माझा हिस्सा नाही.

दुसरं म्हणजे माझी नजर अजून शाबूत आहे. गेल्या आठवड्यात एका बाईंचं मनगटी घड्याळ आलं होतं. केसाएवढा स्क्रू, तो मी डाव्या डोळ्याला भिंग लावून पहिल्या फटक्यात बसवला. डोळे गेलेल्या माणसाला हे जमतं का, सांग बरं.

त्रास आहे तो इतर गोष्टींचा. बाकावरचा दिवा पूर्वीसारखा उजेड देत नाही, दोनदा बदलून झाला. आमची ही घरातलं सामान सारखं हलवते, त्या स्टुलाला या महिन्यात माझी नडगी तीनदा लागली. गिऱ्हाइकंही हल्ली मांजरासारखी येतात, बाजूला येऊन उभी राहतात आणि मग मलाच म्हणतात, केव्हापासून उभे आहोत.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. बाबा गेले तेव्हा तू एक दिवस उशिरा पोचलास. तुझ्या डेपोत निरोप मी तीन दिवस आधी ठेवला होता. सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला जे बोललो ते बोललो. "तू माझा जुळा नाहीस, त्याच दिवशी जन्मलेला कुणीतरी आहेस." ते मी मागे घेतलेलं नाही. सहा वर्षं आंधळ्या बापाचा हात धरून त्याला फिरवलं ते मी, आणि तू जाताना म्हणतोस की बाबांचं घड्याळ मला दे.

ते घड्याळ इथेच आहे. डोळ्यांची काळजी घे.

घड्याळ दुरुस्तीवाला


२१ मार्च

हे पत्र तू फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तुला उत्तर टाकलं त्यानंतर आठवड्याने एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या यजमानांचं घड्याळ, जुनं, चावीचं. यजमान आता नाहीत. बाई समोर बसून होत्या. मी घड्याळ उघडलं, साफ केलं आणि डाव्या हाताला ट्रेमध्ये ठेवलं. छत्तीस वर्षं ट्रे तिथेच असतो, त्याच्याकडे बघायची मला गरज पडत नाही. पण ट्रे चार बोटं अलीकडे होता आणि घड्याळ गेलं बाकाच्या कडेवरून खाली फरशीवर. आतलं झुलतं चाक वाकलं. छत्तीस वर्षांत माझ्या हातून एक घड्याळ पडलेलं नाही, तुला माहीत आहे. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

बाई गेल्यावर मी हिच्यावर ओरडलो. ट्रे कुणी हलवला? स्टूल कोण हलवतं? या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. मी दाराकडे तोंड करून तोंडसुख घेत होतो आणि ही माझ्या डाव्या खांद्याशी उभी होती. मला म्हणाली, "अहो, मी इथे आहे."

मग ती मला हाताला धरून स्टुलापाशी घेऊन गेली. म्हणाली, "हे स्टूल मामंजी गेल्यापासून इथेच आहे. त्यावर ते बसायचे म्हणून तुम्हीच हलवू नका म्हणालात. नऊ वर्षं मी त्याच्या भोवतीने केर काढते." मग ती म्हणाली, "भाऊजींनी पत्रात जे लिहिलंय ते करणार आहात, की मी त्यांना फोन करू?" तुझं पत्र मी पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवलं होतं. तिने ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

तर गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या आहेत, पण बोलायला खमक्या. त्यांनी एक डोळा झाकला, हनुवटी एका वाटीत टेकवायला लावली आणि हातात एक बटण दिलं. समोर पांढरा घुमट. म्हणाल्या, मधल्या ठिपक्याकडे बघत राहा आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबा. मी बसलो. दिवे लागेनात. बराच वेळ झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाई, यंत्रात बिघाड आहे. उघडून देता का, मी बघतो." त्या हसल्या नाहीत. कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्या डाव्या डोळ्याचं चित्र होतं ते. मधे एवढासा पांढरा भाग, घड्याळाच्या तबकडीएवढा, आणि भोवती सगळीकडे काळं. दिवे सगळे लागले होते.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यात बराच पुढे गेलाय, उजव्यात नुकती सुरुवात. बाई म्हणाल्या, हा आजार कडेकडेने खात येतो आणि मधलं शेवटी घेतो. मधलं शाबूत असलं की माणसाला वाटतं सगळं शाबूत आहे. वर मी दिवसभर भिंगातून बघणारा. मला मधलंच लागतं, कडा गेल्या काय आणि राहिल्या काय. केसाएवढा स्क्रू दिसतोय म्हणून मी तुला टेंभा मिरवून दाखवला, आणि बायको दिसत नव्हती.

घाबरलो. घरी येऊन बाबांच्या स्टुलावर बसलो आणि घाबरलो. बाबांचं शेवटचं सगळं मी बघितलंय. भिंतीला हात लावत जाणं, कपात बोट घालून चहा कुठवर आलाय ते बघणं. बाई म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. थेंब वेळेवर घालायचे. आणि मग म्हणाल्या, "वर्षभर उशीर केला असता तर मी हे बोलू शकले नसते. तुम्हाला पाठवलं कुणी?"

मी म्हटलं, भावाने.

"थोरला की धाकटा?"

"थोरला. अकरा मिनिटांनी."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. एकसारखे जुळे की वेगळे, असं विचारलं. मी छातीठोक सांगितलं, वेगळे, दोन वारा पडल्या होत्या. तर म्हणाल्या, "मग काय झालं?"

आता त्यांनी मला जे समजावलं ते लिहितो, कारण ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. वेगळे जुळे म्हणजे आईच्या पोटात एकाच वेळी दोन बीजांडं तयार होतात आणि दोन वेगळे शुक्राणू त्यांना भेटतात. ती पोरं इतर भावंडांसारखीच. त्यांची साधारण निम्मी जनुकं सारखी, एवढंच की खोली एका वेळी वापरली. त्यांना द्विबीज म्हणतात आणि त्यांच्या वारा दोनच असतात. एकसारखे म्हणजे बीजांड एक, शुक्राणू एक, आणि जीव धरल्यावर पहिल्या काही दिवसांत त्या एकाचेच दोन होतात. ते एकबीज. आता हे दोन व्हायला चार-आठ दिवस लागले तर दोघांत मिळून एक वार. पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच फुटलं, तर प्रत्येक जण आपापली वार करून बसतो. तीन-चार एकसारख्या जोड्यांमागे एक तरी जोडी अशी असते. म्हणजे एक वार बघितली तर एकसारखे म्हणायला जागा आहे, पण दोन बघून वेगळे म्हणता येत नाही. सुईणीने डोळ्यांनी जे बघितलं ते खरं होतं, त्यावरून जे सांगितलं ते खरं असेलच असं नाही.

मी म्हटलं, तो धिप्पाड, मी असा. म्हणाल्या, वार कुणाची भक्कम, कुणाची अशक्त असते, जन्माच्या वजनावरून काही ठरत नाही, आणि पुढे कोण काय खातो त्यावरही आहेच. मी म्हटलं, तो उजवा, मी डावरा. त्यांनी माझ्या डोक्यामागचा भोवरा बघितला आणि तुझा कुठल्या बाजूला फिरतो विचारलं. उलटा फिरतो, आई तेल घालताना सांगायची. बाई म्हणाल्या, काही एकसारखे जुळे आरशातल्यासारखे असतात. हा पुरावा नाही, पण तुम्ही जे वेगळे असल्याचं म्हणून सांगताय ते सगळं उलट बाजूनेही वाचता येतं.

एकबीज की द्विबीज हे जनुकांच्या तपासणीत कळतं, पण उपचाराला ती लागत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तुझे डोळ्यांचे कागद पाठव. तुला कुठले थेंब लागू पडले आणि कुठले नाहीत, ते बघून त्यांना माझं ठरवायला सोपं जाईल. आणि सोबत एक नळी पाठवतोय. तिच्यातली कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची आणि परत पाठवायची. हे माझ्यासाठी. मला कळलं पाहिजे.

तू म्हणशील, गरज पडली की बरा भाऊ आठवतो. म्हण. तेवढा हक्क तुला आहे.

धाकटा


१७ एप्रिल

तुझे कागद आले, काडीही आली. कागदांवर तू काय काय लिहून ठेवलंयस. "हे थेंब घेतले की डोळे लाल होतात." "हे घालायला विसरलो, चूक झाली." "हे चांगले." बाईंनी तुझे 'चांगले' तेच मला सुरू केले. महिन्याच्या आतच डोळ्यांतला दाब खाली आला. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाने माझं अर्धं काम करून ठेवलंय.

आणि परवा दुसराही कागद आला. एकबीज. बाईंनी तो दोनदा वाचून दाखवला, माझा विश्वास बसेना. जितक्या ठिकाणी ताडून बघितलं तितक्या ठिकाणी तू आणि मी सारखे. अठ्ठावन्न वर्षं आईने केलेली ती वाटणी खोटी होती रे. बाबांचे डोळे तुझ्याकडे, आईचे दात माझ्याकडे, असं काही झालंच नाही. जे होतं ते सगळं दोघांकडे होतं. तुझे दात बघ, आईचेच आहेत. आणि आमची ही म्हणते मी घोरतो, लग्नापासून घोरतो. मी तिला खोटारडी म्हणत आलो, कारण घोरणं तुझ्या वाटणीला होतं.

मी बाईंना विचारलं, मग आम्ही दोन माणसं आहोत की एकच? त्या म्हणाल्या, दोनच. बोटांचे ठसे वेगळे, कारण पोटात कोण कसा पडला होता त्यावर ते बनतात. पेशी वाढताना प्रत्येक वेळी सगळी नक्कल उतरवावी लागते, आणि त्यात एखाददुसरी चूक दोघांच्यात वेगवेगळ्या जागी राहते. शिवाय कुठलं जनुक कधी जागं होतं आणि कधी झोपतं, हे जगण्यावरही असतं. म्हणून एकाच बीजाचे असूनही तुझा उजवा डोळा आधी गेला आणि माझा डावा अजून हातात आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेली दोन घड्याळंही दहा वर्षांनी सारखी वेळ दाखवत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको.

आता जे लिहायचंय ते लिहितो. गेले दोन दिवस पेन हातात घेतो आणि खाली ठेवतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की निरोप तीन दिवस आधी ठेवला होता. तसं झालं नाही.

बाबांनी अंथरूण धरलं तो सोमवार होता. त्यांनी तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, हो, कळवतो. मंगळवारी परत तेच. ते घड्याळ त्यांच्या मनगटावर असायचं. नजर गेली तेव्हा मीच त्याची काच काढून दिली होती, काट्यांवर बोट ठेवून त्यांना वेळ कळावी म्हणून. तर ते बोटाने काटे चाचपायचे आणि विचारायचे, "थोरला किती वाजता येतोय?" मी म्हणायचो, निघालाय. सहा वर्षं त्यांना आंघोळ घातली मी, भरवलं मी, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्या तोंडी तूच. तेव्हा मला काय झालं होतं ते आज नीट सांगताही येत नाही. एवढंच माहीत आहे की डेपोचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता आणि मी रोज त्याच्यापुढून ये-जा करत होतो. गुरुवारी दुपारी फोन केला. तू बस घेऊन तिकडे लांब होतास. बाबा शुक्रवारी पहाटे गेले, त्यांचं बोट तेव्हाही काट्यांवर होतं. तू शनिवारी आलास.

आणि चार माणसांत मीच तुला म्हटलं, तीन दिवस आधी सांगितलं होतं, तुला वेळ झाला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तू उभा राहून ऐकून घेतलंस. बाबांचं घड्याळ तेवढं मागितलंस, हातातली टोपी डोक्यावर घातलीस आणि गेलास.

हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. हिलाही नाही. वेगळे जुळे आहोत या एका गोष्टीवर मी नऊ वर्षं काढली. म्हणायचो, आपलं रक्तच निराळं, मग वागणं निराळं असलं तर नवल काय. आता कागद हातात आहे, आणि ती सबबही उरली नाही.

मी ज्याच्याशी असं वागलो, त्याने डोळा गेल्यावर पहिलं काय केलं? मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून मला कळवलं. फोन केला असतास तर मी उचलला नसता, तेही तुला ठाऊक होतं. मला रोज सकाळी थेंब घालताना वरचा छताचा पंखा दिसतो, त्याची तिन्ही पाती दिसतात. रोज तुझी आठवण येते आणि रोज मनातल्या मनात तुझे आभार मानतो. आज कागदावर मानतो. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. ते फेडायला मला जमणार नाही आणि फेडायचेही नाहीत, राहू देत.

तू काही लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

चिमट्या


९ मे

पत्र मिळालं. आधी हिने वाचलं, या वेळी मीच दिलं. वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "तुम्हाला असा भाऊ मिळाला, तुमची लायकी नव्हती." मी म्हटलं, ते मी लिहूनच दिलंय.

म्हणजे तुला माहीत होतं. शनिवारी इथून निघालास आणि डेपोत जाऊन आधी निरोपांची वही उघडलीस. दिवस आणि वेळ, गुरुवार, दुपारी सव्वादोन. मला ती वही सुचलीच नाही. नऊ वर्षं माझं खोटं तुझ्या डेपोतल्या वहीत पडून होतं आणि तू कुणापुढे तोंड उघडलं नाहीस. तू लिहितोस, "बाबांना सहा वर्षं आंघोळ तू घातलीस. मी वर्षातून दोनदा यायचो आणि फळं आणायचो. त्यामुळे कुठल्या तोंडाने भांडणार होतो?" आणि पुढे लिहितोस, "निरोपाचं मला एवढं लागलं नाही. माझा जुळा नाहीस म्हणालास ते लागलं."

ते मी मागे घेतो. कागदाच्या जोरावर घेत नाही. तो कागद आला नसता, दोन बीजांची दोन पोरं निघाली असती, तरी मागे घेतलंच असतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा आपण एकसारखे की वेगळे हे तुला तरी कुठे माहीत होतं? सुईणीचंच तूही खरं धरून चालला होतास. तरी लिहिलंस.

मास्तरीणबाईंचं घड्याळ मी दुरुस्त केलं. झुलतं चाक नवीन मिळेना, मग जुन्या एका घड्याळातलं घासून बसवलं. तीन आठवडे गेले त्यात. त्यांनी कानाला लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यांच्या हातावर असंच वाजायचं." ट्रेच्या कडेला आता मी लाकडाची पट्टी मारून घेतली आहे, आणि काम करताना मान वळवून डावीकडे बघायची सवय लावून घेतोय. ही म्हणते, तुम्ही कोंबडीसारखे दिसता.

तू बावीस तारखेच्या बसने येतोस, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसून, हे वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. ड्रायव्हरला सूचना देत बसू नकोस. ते तुला जमणार नाही हे माहीत असूनही सांगतो.

बाबांचं घड्याळ पोस्टाने पाठवत नाही, त्याला काच नाही, वाटेत काटे वाकतील. मी ते उघडून तेल घातलंय. तासाचा काटा थोडा जाड केला, आणि बारा, तीन, सहा, नऊ या आकड्यांवर बोटाला लागतील असे बारीक ठिपके बसवले. तुझा डावा डोळा शेवटपर्यंत राहो, पण समजा रात्री दिवा लावायचा कंटाळा आला तर वेळ बघता येईल. ते तू माझ्याकडे मागितलं होतंस तेव्हाच द्यायला हवं होतं. आता स्टुलावर ठेवलंय. येऊन घे.

आणि एक गोष्ट बस येण्याआधी ठरवून ठेवू. तुला उजवीकडचं काही दिसत नाही आणि मला डावीकडचं. म्हणजे रस्त्याने चालताना मी तुझ्या उजव्या हाताला असणार आणि तू माझ्या डाव्या हाताला. मी हे दुकानात दोन खुर्च्या मांडून तपासून बघितलं, बरोबर बसतं. हिला दाखवलं तर ती म्हणाली, सासूबाई सांगायच्या, पोटातही दोघं असेच होते, थोरला डाव्या कुशीला आणि धाकटा उजव्या. मला हे आठवत नव्हतं. दोघांच्यात मिळून आपली एक चांगली नजर होते, चौक ओलांडायला पुरेल एवढी.

थांब्यावर उतरलास की जागचा हलू नकोस, गर्दी असते. तुझ्या उजव्या बाजूने येईन, त्यामुळे मी आलेला तुला दिसणार नाही. उजवीकडून कुणी 'दादा' म्हणून हाक मारली तर दचकू नकोस, मीच असेन.